वायपा खोऱ्यातल्या ओढ्यासाठी निधी: माओरी ज्ञान अर्जात नेमके कुठे येते

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनजवळ, वायपा नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी आठ-दहा शेतकरी आणि एक शाळा असा गट जमला आहे. पुढच्या जूनमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, काठावर देशी झाडे लावायची आहेत. त्यासाठी वायकाटो रिव्हर ऑथॉरिटीकडे अर्ज करायचा, तर त्यातला ‘माओरी ज्ञान आणि समाजाचा सहभाग’ हा भाग कसा लिहावा आणि पैसे किती मागावेत?

हा भाग शेवटी लिहायला ठेवलात तर अर्ज तिथेच लंगडा पडतो. ओढा सुधारला म्हणजे नक्की काय झाले, हे कोण ठरवणार, त्यावर बाकीची सगळी आखणी अवलंबून असते. त्यामुळे हे काम पहिले. आणि त्यालाही पैसे लागतात, हे बहुतेक गटांच्या ध्यानात येत नाही.

निधी कुठून आला ते आधी पाहा. १८६३ मध्ये ब्रिटिश फौजा वायकाटोत घुसल्या आणि त्यानंतर माओरींची सुमारे १२ लाख एकर जमीन जप्त झाली. त्या जप्तीबद्दलची तडजोड १९९५ मध्ये झाली, पण नदीचा प्रश्न तेव्हा बाजूला ठेवला गेला. तो २०१० च्या कायद्याने सुटला. त्याच कायद्यातून ऑथॉरिटी उभी राहिली. तिचे दहा सदस्य असतात, पाच नदीकाठच्या पाच इवींचे, म्हणजे माओरी जमातींचे, आणि पाच सरकारने नेमलेले. नदीच्या सफाईसाठी सरकारने ३० वर्षांत २१ कोटी न्यूझीलंड डॉलर द्यायचे, म्हणजे वर्षाला ७० लाख, असे ठरले. वायपाच्या वरच्या भागासाठी मानियापोटो इवीचा २०१२ चा वेगळा कायदा आहे. तेव्हा हा पैसा पर्यावरण खात्याच्या एखाद्या योजनेचा नाही, तो एका ऐतिहासिक अन्यायाच्या निवाड्यातून आलेला आहे. अर्ज वाचणाऱ्यांना ही पार्श्वभूमी पाठ असते. ‘स्थानिक माओरी समाजाशी चर्चा करू’ एवढे एक वाक्य लिहून पाठवलेला अर्ज त्यांना कसा वाटत असेल, याची कल्पना करा.

दुसरी गोष्ट, ‘ते तुरे फाइमाना’ हे नदीचे दृष्टिपत्र. नदी संपूर्ण लांबीभर पोहायला आणि तिच्यातले अन्न काढून खायला सुरक्षित असावी, हा त्यातला मुख्य धागा. राष्ट्रीय धोरणाशी विसंगती आली तर या खोऱ्यात दृष्टिपत्र वरचढ ठरते. ‘पोहायला आणि खायला’ हे शब्द तुमच्या कामाला मापाची पट्टी म्हणून लावायचे आहेत. ‘जैवविविधता वाढेल, पाण्याची गुणवत्ता सुधारेल’ ही वाक्ये कुठल्याही देशातल्या कुठल्याही अर्जात चालतात, म्हणून इथे त्यांना फारसे वजन नाही.

आता बोलायचे कोणाशी? इवी ही मोठी संघटना, तिचे कार्यालय, कर्मचारी, ईमेल सगळे असते. पण तुमच्या ओढ्यावर पिढ्यानपिढ्या तुना म्हणजे ईल मासे धरणारे, कुठल्या वळणावर काय मिळायचे ते सांगू शकणारे लोक हापूचे (इवीतल्या कुळाचे), एखाद्या माराएचे (कुळाच्या सभास्थानाचे) असतात. एका ओढ्यावर दोन-तीन हापूंचा हक्क असणे नेहमीचेच आहे, आणि त्यांच्यातली सीमा तुम्ही नकाशावर आखायची नसते. ते पुनी कोकिरी या सरकारी खात्याची ‘ते काहुई मांगाई’ ही निर्देशिका आणि प्रादेशिक परिषदेचे कार्यालय इथून नावे काढा. वायकाटो-ताइनुई या इवीचा ‘ताई तुमु, ताई पारी, ताई आओ’ हा पर्यावरण आराखडा आधी वाचून जा. त्यात दिलेली माहिती पुन्हा विचारायला गेलात, तर पहिल्या भेटीतच तुम्ही गृहपाठ केला नसल्याचे कळते.

पहिल्या हुईला, म्हणजे बैठकीला, तयार नकाशा आणि झाडांची यादी घेऊन जाऊ नका. ओढा कुठून कुठे जातो, जमिनी कोणाच्या आहेत, अडचण काय दिसते, एवढे पुरे. चहापाणी, जेवण आणि कोहा तुमच्याकडून. कोहा ही भेट आहे. कौमातुआ (वडीलधारे) किंवा जाणकार काइतिआकींनी (निसर्गाची राखण करणाऱ्यांनी) दिलेल्या कामाच्या दिवसांचे मानधन हा वेगळा खर्च, त्यावर कराचा प्रश्न येतो, आणि हिशेबात दोन्ही एका ओळीत घातलेत तर लेखापरीक्षक ते परत पाठवतो. जलतज्ज्ञाला तासाचा दर द्यायचा आणि सत्तरी ओलांडलेल्या जाणकाराला फक्त चहा पाजायचा, हे तर मुळीच नको. माझा ठोकताळा असा: हापूच्या वेळेसाठी, प्रवासासाठी, त्यांनी करायच्या पाहणीसाठी आणि समन्वयासाठी एकूण अंदाजपत्रकाच्या दहा ते पंधरा टक्के. याहून कमी असेल तर सहभाग कागदावरच राहतो.

अडचण अशी की हा खर्च अर्ज मंजूर होण्याआधीच सुरू होतो. त्यासाठी दोन वाटा आहेत. एक तर परिषदेकडून किंवा एखाद्या स्थानिक न्यासाकडून आराखड्यापुरती छोटी रक्कम घ्यायची, किंवा मोठ्या अर्जाचे दोन टप्पे पाडायचे आणि पहिला टप्पा फक्त पाहणी व आखणीचा ठेवायचा. दुसरी वाट मला जास्त बरी वाटते. पहिला टप्पा पूर्ण करून आलेल्या गटाला दुसऱ्या टप्प्याचे पैसे देताना कोणी फार कचरत नाही.

पाहणीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण अर्जाला खरे बळ इथून येते. गेल टिपा आणि लॉरेल टिअर्नी यांनी दक्षिण बेटावरच्या ताइएरी आणि काकाउनुई नद्यांवर काम करून सांस्कृतिक आरोग्य निर्देशांक तयार केला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे तीन भाग आहेत. पहिला, जागा पारंपरिक महत्त्वाची आहे का: असेल तर ए, नसेल तर बी. त्याला जोडून, स्थानिक माओरी तिथे पुन्हा येतील का: होय असेल तर १, नाही तर ०. दुसरा भाग माहिंगा काईचा, म्हणजे अन्न मिळवण्याच्या जागेचा: आज कोणत्या जाती दिसतात, पूर्वी कोणत्या होत्या, तिथवर पोचता येते का, आणि लोक अन्नासाठी तिथे परत येतील का. तिसरा भाग प्रवाहाच्या तब्येतीचा: काठची झाडी, तळाचा गाळ, पाण्याचा रंग आणि प्रवाह, पात्रात माणसाने केलेले फेरफार, आजूबाजूचा जमीनवापर असे आठ निकष. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाला १ ते ५ गुण. निकाल ए-१/२.९/४.२ असा एका ओळीत मावतो.

हे करताना दोन पथ्ये पाळा. प्रत्येकाने आपला गुणतक्ता एकट्याने भरायचा आणि मग चर्चा करायची, नाहीतर वडीलधाऱ्याचा आकडा सगळ्यांचा आकडा होतो. आणि गुणांच्या शेजारी कारण लिहून घ्यायचे. ‘तळ २’ याचा आराखड्याला उपयोग नाही, ‘तळाला पाय टेकला की घोट्यापर्यंत गाळ, पूर्वी इथे खडे लागायचे आणि काकाही मिळायचे’ याचा आहे. काकाही म्हणजे गोड्या पाण्यातला शिंपला. याच वाक्यावरून कळते की तुमचे दुखणे गाळाचे आहे. मग झाडे लावण्याइतकेच वरच्या उतारावरची कोसळणारी दरड धरणे महत्त्वाचे ठरते. वायपाच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. न्गारुआवाहियाला ती वायकाटोला मिळते तेव्हा पुष्कळसा गाळ घेऊनच येते.

याच जागांवर, त्याच दिवशी प्रयोगशाळेची मोजमापेही घ्या: एक मीटर लांबीच्या नळीतून पाण्याचा नितळपणा, ई. कोलाय (विष्ठेचे प्रदूषण दाखवणारे जीवाणू), आणि तळाच्या कीटकांवरून काढलेला एमसीआय हा निर्देशांक. एमसीआय ८० च्या खाली गेला तर ओढा आजारी, १२० किंवा त्याहून वर असेल तर उत्तम. ई. कोलाय १०० मिलिलिटरला ५४० च्या वर गेले की पाणी पोहण्यास अयोग्य. ताइएरीच्या कामात काइतिआकींचे प्रवाहाच्या तब्येतीचे गुण आणि शास्त्रीय मोजमापे बऱ्यापैकी जुळली होती. जुळली तर उत्तमच. न जुळली तर घाबरून एक आकडा गाळू नका. पाणी नळीत नितळ दिसते आणि तरी काइतिआकी ‘परत येणार नाही’ म्हणतात, तेव्हा बहुधा कुंपणामुळे वाट बंद झालेली असते किंवा वरच्या बाजूला सांडपाण्याचा पाइप असतो. कुठलीच नळी हे दाखवत नाही.

मग उद्दिष्ट ठरते. समजा हापूने सांगितले की तुना परत हवेत. हे एक वाक्य सगळा आराखडा फिरवते. लांबपंखी तुना कित्येक दशके गोड्या पाण्यात राहतो आणि आयुष्यात एकदाच, शरदात (तिथे मार्च ते मे), पावसाच्या अंधाऱ्या रात्री पाणी चढले की समुद्राकडे निघतो. पिल्ले उलट्या दिशेने वर येतात. म्हणजे काठावर कितीही झाडी वाढवा, खाली रस्त्याखालच्या पाइपाचे तोंड पाण्यापासून हातभर वर लटकत असेल तर इनांगासारखे न चढणारे मासे तिथेच थांबतात. तुनाची पिल्ले ओल्या पृष्ठभागावरून चढू शकतात, इनांगाला ते जमत नाही. म्हणून पाइपात नुसता दोर सोडून भागत नाही, खाली सौम्य उताराचा दगडी रॅम्प लागतो. वायकाटोच्या खालच्या सखल भागात पूरनियंत्रणाचे पंप समुद्राकडे निघालेल्या तुनांना कापून काढतात. तिथे पंप बदलणे हे झाडांपेक्षा मोठे काम आहे, पण ते तुमच्या गटाचे नव्हे, परिषदेचे. अर्जात तेवढी नोंद मात्र करा.

पात्रात यंत्र कधी उतरवायचे, हेही इथेच ठरते. मारामाताका ही माओरी चांद्र दिनदर्शिका. कुठल्या महिन्यात, कुठल्या रात्री कोणता मासा स्थलांतर करतो किंवा अंडी घालतो, हे स्थानिक जाणकार तिच्या आधारे सांगतात. इनांगा शरदातल्या मोठ्या भरतीला काठच्या गवतात अंडी घालतो, ती पुढच्या मोठ्या भरतीपर्यंत, साधारण महिनाभर, तशीच राहतात. भरतीचे पाणी पोचते अशा पट्ट्यात तेव्हा गवत कापले की पिढी गेली. तुमचा ओढा बराच आत आहे, त्यामुळे हा पट्टा तुमच्याकडे येणार नाही, पण खालच्या भागातल्या गटाशी जोडून अर्ज करणार असाल तर येईल. ठेकेदाराच्या कराराला या तारखा जोडा. न जोडल्यास तो त्याच्या सोयीने येतो, आणि काम थांबवायला लावले की दिवसाचे भाडे मागतो.

आता आकडे. एक किलोमीटर ओढा, दोन्ही काठ, प्रत्येकी ५ मीटर रुंदी धरली तर १ हेक्टर होते. दीड मीटर अंतराने ४,४०० च्या आसपास रोपे. पाण्याच्या अगदी कडेला कॅरेक्स जातीचे लव्हाळे १ मीटरवर लावावे लागते, म्हणून ५,००० धरा. दुसऱ्या हिवाळ्यात मेलेल्यांच्या जागी १० ते २० टक्के. कुंपण दोन किलोमीटर. गुरे ओढ्यापासून निदान ३ मीटर दूर ठेवण्याचा २०२० चा नियम आहेच, पण ५ मीटरच्या आत झाडी आणि तण दोन्ही धड सांभाळता येत नाही. कुंपण घातले की गुरांचे पाणी तुटते. पाण्याचे हौद, त्यांची पाइपलाइन आणि गुरे पलीकडे नेण्यासाठी एखादी मोरी, हा खर्च गट हमखास विसरतात, आणि मग शेतकरी पहिल्याच उन्हाळ्यात कुंपणाचे फाटक उघडतो.

तण हा सगळ्यात मोठा खड्डा आहे. लावणीनंतर तीन वर्षे, वसंतात आणि शरदात, म्हणजे सहा फेऱ्या. पुष्कळ हापूंना पाण्याजवळ ग्लायफोसेट नको असते, आणि ते आधीच विचारायचे असते. फवारणी नाही म्हटल्यावर पुठ्ठ्याच्या किंवा लोकरीच्या चटया आणि हाताने कापणी आली, मजुरी वाढली. हा वाढीव खर्च तिथल्या तिथे कारणासह लिहा. अंदाजपत्रकात रोपे आणि लावणी मिळून निम्म्याहून जास्त भरत असतील तर देखभाल राहून गेली आहे, असे खुशाल समजा. लावणीच्या दिवशीचा फोटो सगळ्यांना हवा असतो, तिसऱ्या वर्षीच्या खुरपणीला कोणी प्रायोजक मिळत नाही.

झाडांच्या जागांबद्दल एवढेच: हाराकेके, म्हणजे लांब तंतुमय पानांचे झुडूप, अरुंद ओढ्याच्या काठाला टेकवून लावू नका, मोठे झाले की ते पात्रात आडवे पडते आणि पाणी अडते. त्याला वरच्या टप्प्यावर घ्या, आणि विणकाम करणाऱ्यांना हव्या त्या जाती हापूकडून विचारून लावा, म्हणजे पुढे ते कापायला येतील आणि बेटे आपोआप सांभाळली जातील. विलो काढताना बुंधे जमिनीतच ठेवा, ते काठ धरतात. फांद्या मात्र पाण्यात पडू देऊ नका, तुटलेली काडी खाली जाऊन रुजते. पहिल्या महिन्यात पुकेको पक्षी रोपे उपटतात, त्यासाठी खुंट्यांनी बांधलेल्या जाळ्या. बी त्याच खोऱ्यातले हवे. माराएची स्वतःची रोपवाटिका असेल तर रोपांची मागणी तिथेच द्या, दर थोडा जास्त पडला तरी. निधीतला पैसा हापूत फिरला तर दहा वर्षांनंतरही कोणीतरी त्या काठावर जात राहील.

शाळा आणि शेजारी यांचा सहभाग आकड्यांत मांडा, पण फुगवू नका. सवय नसलेला माणूस तासाला दहा-पंधरा रोपे नीट लावतो. तीन तासांच्या कार्यक्रमात पस्तीसेक. म्हणजे ५,००० रोपांना जवळजवळ १४० माणसे लागतील. तुमच्याकडे ६० येणार असतील तर उरलेल्यांसाठी ठेकेदार धरा, आणि स्वयंसेवकांना सपाट, कुंपणाच्या बाजूची जागा द्या. उतारावरचे आणि पाण्याजवळचे काम मुलांना देऊ नये. सुरक्षिततेचा कायदा २०१५ चा आहे आणि शाळा त्याबाबत काटेकोर असतात. शेतकऱ्यांचा वाटा कुंपणाच्या मजुरीत आणि सोडलेल्या जमिनीत दाखवता येतो, तो प्रत्येकाकडून लेखी घ्या. शेत विकले गेले तर कुंपणाचे काय, हेही त्याच कागदावर.

पैसे घेणारी संस्था कोण? नोंदणी नसलेल्या गटाने घाईत नवी सोसायटी काढण्यापेक्षा एखाद्या न्यासाला किंवा हापूच्या न्यासालाच निधीधारक करणे सोपे. जीएसटी १५ टक्के आहे. रक्कम जीएसटीसकट आहे की वगळून, हे प्रत्येक ओळीत एकसारखे ठेवा, इथे चुकून मंजूर रकमेत भोक पडते. टप्प्यांची रचना अशी मागा की लावणीनंतरची शेवटची १५-२० टक्के रक्कम तिसऱ्या वर्षीच्या जगलेल्या रोपांच्या मोजणीवर मिळेल. निधी देणाऱ्याला हे आवडते आणि तुमचाही खुरपणीचा पैसा आधीच उडून जात नाही.

एक कलम मात्र वकिलाला दाखवून घाला: पाहणीत गोळा झालेले हापूचे ज्ञान कोणाच्या मालकीचे. तुना धरण्याची जागा, जुनी वाट, पवित्र ठिकाण या गोष्टी सार्वजनिक अहवालात छापल्या की त्या सगळ्यांच्या होतात, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी जाळे घेऊन उभा असतो. अहवालात गुण आणि निष्कर्ष द्यावेत. कच्च्या नोंदी, ध्वनिमुद्रणे आणि नकाशे हापूकडे राहावेत. निधी देणारे याला सहसा हरकत घेत नाहीत, पण करारावर सह्या झाल्यानंतर मागितलेत तर वेळ जातो.

भारतातून पाहणाऱ्यांना न्यूझीलंडमधल्याच व्हांगानुई नदीचे नाव जास्त ओळखीचे असेल, २०१७ च्या कायद्याने ती कायदेशीर व्यक्ती झाली. त्याच महिन्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेलाही तसा दर्जा दिला, आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. फरक शोधायचा तर पैशाकडे पाहा. व्हांगानुईच्या तडजोडीत ३ कोटी डॉलरचा नदीनिधी होता, नदीच्या वतीने बोलणाऱ्या दोन माणसांच्या कामासाठी २० वर्षे दरसाल २ लाख डॉलरची तरतूद होती, आणि जबाबदारी कोणाची हे लिहिलेले होते. भारतात निकालाने दर्जा दिला, पण अशी आर्थिक रचना सोबत नव्हती.

इतर निधींवर फार विसंबू नका. कोविडनंतर २०२० मध्ये आलेल्या ‘जॉब्ज फॉर नेचर’मधून १२० कोटी डॉलरच्या घरात पैसा आला, कितीतरी गटांनी माणसे नेमली, आणि मुदत संपल्यावर तीच माणसे सोडावी लागली. एकाच मोठ्या अनुदानावर पगार ठेवू नये, हाच त्यातला धडा.

तुमच्या जूनबद्दल स्पष्ट सांगायचे तर पुढच्या जूनमध्ये पूर्ण लावणी होणार नाही. रोपवाटिकेला बी गोळा करून रोप तयार करायला वर्ष-दीड वर्ष लागते, आणि अजून हुई झालेली नाही. या वर्षी हुई, पाहणी, कुंपण आणि हौद. पुढच्या जूनमध्ये शाळेसोबत ३००-४०० रोपांचा एक तुकडा, तोही पूर येतो त्या वळणापासून दूर. तिथे किती जगतात ते मोजा, म्हणजे मोठ्या अर्जात मेलेल्या रोपांची टक्केवारी तुमच्याच ओढ्याची असेल. मुख्य लावणी त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. रोपांची आगाऊ मागणी मात्र आत्ताच नोंदवा, अनामत परत मिळेल अशा अटीवर.